खुंटी म्हणते जमीन ओली

चंद्रभागाबाईंचा पारा चढला होता, आणि का चढू नये? देवळ्याच्या मळ्यात घराला लागूनच टाकलेलं कांद्याचं रोप पाच दिवस माना टाकत होतं, आणि नाशिकला नोकरी करणारा त्यांचा लेक महेश फोनवर रोज एकच पालुपद लावत होता, जमीन ओली आहे.

महिन्यापूर्वी त्यानंच वाफ्यात एक खुंटी रोवली होती. खुंटी मातीतला ओलावा मोजणार, विहिरीवरच्या डब्याला कळवणार, डबा मोटार आणि व्हॉल्व्ह चालवणार, आणि सगळं महेशच्या मोबाईलवर दिसणार. म्हणजे ही सगळी यंत्रं आपापसात बोलणार, आणि तीस वर्षं रोप टाकणाऱ्या बाईला कुणी विचारायचं नाही! वर ताकीद काय, तर कशाला हात लावू नकोस, सेटिंग बिघडेल. बाईंनी दातओठ खाऊन ऐकलं.

सहाव्या दिवशी अर्धं रोप पिवळं पडलं. बाईंनी फोनवर असं काही झापलं की महेश रजा टाकून आला. त्यानं खुंटीजवळची माती उकरली, तर चिखल. वीतभर पलीकडे उकरली, तर नुसता फुफाटा. इथं पाणी कोण टाकतं, असं त्यानं विचारलं.

बाईंना आपला तांब्या आठवला. देवाच्या अंघोळीचं पाणी पायदळी तुडवू नये, म्हणून त्या जागा शोधत होत्या. खुंटीभोवती महेशनं तारेचं कुंपण केलेलं, तिथं कुणाचा पाय पडत नाही. गेले आठ-दहा दिवस रोज सकाळी तांब्याभर पाणी त्या तिथंच ओतत होत्या.

महेशला हसू आलं. "आई, खुंटी खरंच बोलत होती. तूच तिला पाजत होतीस."

त्या हसण्यानं बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चूक माझी हाय, कबूल. पण पाच दिवस मी बी खरंच बोलत होते. खुंटीचं ऐकलंस. आईचं नाय ऐकलंस."

महेशचं हसू विरलं. बाई तरातरा विहिरीवर गेल्या, मोटार चालू केली आणि हातानं व्हॉल्व्ह उघडला. लगेच महेशचा मोबाईल वाजला. त्यानं पाहिलं आणि सवयीनं वाचूनही दाखवलं, कुणीतरी व्हॉल्व्ह उघडलाय.

"कुणीतरी नाय," बाई म्हणाल्या, "मी उघडलाय. सांग त्याला."