डोंगरातली एक हाक

सासऱ्यांबरोबर लेकीला, सुमिरेला, एकटीला पाठवायला मदोकाचं मन घेईना. तोमेजिरोंचे गुडघे सत्तरीतही शाबूत होते, पण वाट मोडलेली होती. पूर्वी वसंतात गावची माणसं किनाऱ्यावरची वाळू बांबूच्या नळकांड्यात भरून शिखरावरच्या देवाला वाहायला न्यायची. ते बंद पडून जमाना झाला होता. यंदा ती चाल पुन्हा सुरू करायची, तर आधी वाट शोधायला हवी होती. नवरा उडत्या माशांच्या मागे बोटीवर. शेवटी तिने स्वतःच बूट चढवले.

"फुकुओकाच्या कॉलेजात डोंगर चढायला शिकवतात वाटतं," तोमेजिरो म्हणाले.

"नाही बाबा. लेकीवर लक्ष ठेवायला शिकवतात."

"मग बरंय. आजवर डोंगरच ठेवायचा, आज त्याला सुट्टी."

सुमिरे फिदीफिदी हसली. वाळूचं नळकांडं तिने हौसेने गळ्यात अडकवलं होतं.

वाट अर्धी जंगलातून, अर्धी कड्याच्या धारेने जात होती. देवदारांची मुळं एकमेकांत गुंतलेली, त्यावर शेवाळाचे थरावर थर, आणि खाली कुठेतरी समुद्र खडकांवर आपटत होता. पुढे तोमेजिरो कोयत्याने नेच्याची रानं तोडत होते, मध्ये सुमिरे, मागे मदोका. मुळावर पाय देऊ नकोस, फांदीला धर, हळू जरा. तिच्या तोंडाला खळ नव्हता.

धुकं आलं ते समुद्राकडून, खालून वर. मदोकाच्या बुटाची नाडी सुटली होती. ती बांधायला वाकली आणि उठून बघते तर पुढे पोर नाही. कोयत्याचा आवाजही लाटांच्या आवाजात बुडून गेला होता.

"सुमिरे!"

श्वास रोखून ती ऐकत राहिली. धुक्यात एक हाक मारावी आणि मग गप्प राहून कानोसा घ्यावा, असं तिने कुठल्याशा पत्रकात वाचलं होतं. तसंच करायचं तिने ठरवलं. चार पावलं पुढे गेली. पुन्हा एक हाक, पुन्हा शांतता. पानांवरून थेंब गळत होते, तेवढाच आवाज. दर हाकेला तिचा आवाज चढत गेला. पोर मुळांत अडकून पडली असेल, डोक्याला लागलं असेल, शुद्ध हरपली असेल. नाहीतर तिने ओ दिली नसती का?

धुक्यातून तोमेजिरो परत आले. नेहमीचं मिश्कील हसू तोंडावर नव्हतं.

"तूच ओरडत होतीस?"

"सुमिरे दिसत नाही, बाबा." तिने पुढच्या हाकेसाठी छाती भरून घेतली.

त्यांनी तिच्या दंडावर हात ठेवला. "थांब. तू नको." आणि एका दमात हाक घातली, "सुमिरे, सुमिरे."

"हो, आजोबा."

आवाज खालून, पण अगदी जवळून आला. शेजारच्या खोलीतून यावा तसा.

मुळांना धरून दोघं उतरली. एका देवदाराला टेकून सुमिरे उकिडवी बसली होती, नळकांडं दोन्ही हातांनी छातीशी धरून. मदोकाने झडप घालून तिला कवटाळलं, तर पोरीचं अंग लाकडासारखं ताठ झालं. तिने आधी आईचा चेहरा पाहिला, मग खाली वाकून पाय पाहिले.

"आजोबा, ही खरी आई आहे ना?"

"खरीच आहे. पाय दिसतायत ना? भुताला पाय नसतात."

"अगं, इतक्या हाका मारल्या मी. ऐकू नाही आल्या तुला?"

"आल्या की." सुमिरेला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "पण एकेकदाच यायच्या. माणूस डोंगरात दोनदा हाक मारतो. एकदाच मारतं ते माणूस नसतं, नुसता आवाज आपल्या माणसाचा काढतं. त्याला ओ द्यायची नाही. लांब जायचं."

मदोकाने सासऱ्यांकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्या हातची सुकवलेली मासळी खात होती, त्यांच्याच चुलीपाशी बसत होती.

"मला कधी कुणी सांगितलं नाही."

"यात सांगायचं काय?" तोमेजिरो खाली बघत पुटपुटले. "आमच्या इथे पोर चालायला लागलं की त्याला ठाऊक होतं. तू शहरातली, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"लांब म्हणजे कुठे गेलीस गं?"

"हरणाचं पिल्लू होतं ना, ते बघायला त्या मोठ्या झाडापाशी आले." सुमिरेने वर बोट दाखवलं. "मग हाक आली. वरून. म्हणून मी त्या आडव्या खोडापाशी आले. मग परत आली, म्हणून इथे. दर वेळी एक झाड खाली. आता आणखी आली असती ना, तर त्या गादीवर जाऊन लपणार होते."

देवदाराच्या पलीकडे शेवाळाची हिरवीगार गादी पसरली होती. रुंद, सपाट, कडेला नेच्याची झालर. कुणालाही बसावंसं वाटेल अशी.

तोमेजिरोंनी एक वाळकी फांदी उचलली आणि हात लांब करून त्या गादीवर टेकवली. फांदी थांबलीच नाही. ओलं फडकं फाटावं तसा आवाज झाला, त्यांचं मनगट शेवाळात गेलं आणि फांदी हातातून सुटली. पडलेल्या भोकातून खारा वारा भसकन वर आला. खूप खाली, काळ्या खडकांमध्ये, पांढरा फेस फुटत होता.

तोमेजिरो होते तिथेच मटकन बसले. सुनेकडे बघायला त्यांनी मानही वर केली नाही.

मदोकाने एका हाताने लेकीचं मनगट आवळून धरलं होतं. तिचं तोंड उघडलं, आणि त्यातून आवाज फुटू नये म्हणून दुसरा हात तिने त्याच्यावर गच्च दाबून धरला.