काळ्या रुमालातल्या बायका

"इथे थांबवा," ख्रिसूला म्हणाली.

एव्हांथियाने टॅब्लेटवरचं चित्रण थांबवलं. पडद्यावर ख्रिसूलाची आई लांब्रिनी होती. काळा रुमाल हनुवटीखाली बांधलेला, ओठ घट्ट मिटलेले. यंत्राने दात दाखवून हसायला सांगितलं होतं. ती हसली नव्हती. ओठांची रेघ सरळ, म्हणजे चेहऱ्याच्या दोन्ही बाजू ठीक, असं धरून यंत्राने हिरवा दिवा दाखवला. गावच्या दवाखान्यातल्या थोमाई नर्सने तो मानला आणि म्हातारीला घरी पाठवलं. सकाळी उठली तेव्हा तिचा उजवा हात आणि वाचा, दोन्ही गेली होती. आता ती भिंतीपलीकडच्या वॉर्डात खिडकीकडे तोंड करून पडून होती.

पक्षाघात ओळखणारं हे यंत्र एव्हांथियाने शिकवलेलं. यानिना शहरातल्या इस्पितळात दिवसा ती रुग्ण बघायची, उरलेल्या वेळात संगणकाला चेहरे दाखवत बसायची. डोंगरातल्या सगळ्या दवाखान्यांचे फोन वर्षानुवर्षं तिच्या एकटीकडे येत. यंत्र आलं आणि ते थांबले. त्यानंतर ती पहिल्यांदा पुरेशी झोपली होती.

आईंना सांगितलेलं कळलं नसेल का, असं एव्हांथियाने विचारलं.

"कळलं की. माझ्या भावाला जाऊन वर्ष नाही झालं अजून, डॉक्टरबाई. दुखवट्याचा काळा रुमाल बांधलेली बाई कॅमेऱ्यापुढे दात काढेल होय? तुम्ही काय जर्मनीहून आलात?"

एव्हांथिया ख्रिसूलाच्या गावापासून दोन खोऱ्यांपलीकडच्या गावची. तिची आजी हसताना कशी दिसते, हे तिला आठवेना. यंत्रासाठी निरोगी चेहरे मात्र तिने शहरातल्या निवृत्तांच्या क्लबात गोळा केले होते. तिथे कॉफी होती, बिस्किटं होती, पत्त्यांचा डाव चालू होता. सगळे मनापासून हसले होते.

यंत्र बंद ठेवायला हवं, हे तिचं म्हणणं कार्वेलास सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. विभाग त्यांचा होता आणि वसंतात हेच यंत्र साऱ्या प्रांतात जायचं होतं. एका म्हातारीपायी तीन वर्षांचं काम थांबवायचं का, असं त्यांनी विचारलं. शंभरात नव्वद वेळा ते बरोबर सांगतं, याची आठवणही करून दिली.

"शहरात, सर. डोंगरात निम्म्या म्हाताऱ्या काळ्यात आहेत."

"मग पुन्हा शिकव."

"शिकवते. तोवर बंद."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. फोन पुन्हा तुझ्याचकडे येतील, ते म्हणाले. ते तिला ठाऊक होतं. तिने तिथूनच थोमाईला फोन लावला आणि यंत्र कपाटात ठेवायला सांगितलं. हिरव्या दिव्याआधी आपल्याला शंका आली होती, असं थोमाई रडत म्हणाली.

"आता शंका आली की मला फोन कर. कधीही."

"रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा."

फोन त्याच आठवड्यात आला, भर दुपारी. एव्हांथिया बेकरीबाहेर पाव घेऊन उभी होती. पडद्यावर थोमाई, आणि तिच्याशेजारी खुर्चीत एक म्हातारी, काळ्या रुमालातलीच.

"आजी हसणार नाहीत म्हणतात," थोमाई कुजबुजली.

"हसू नका म्हणावं. फक्त माझ्याकडे बघायला सांग."

एव्हांथियाने पाव काखेत धरला, डोळे गच्च मिटून उघडले, मग गाल फुगवले. रस्त्यावरचे दोघे-तिघे वळून बघू लागले. म्हातारीने तिला नीट न्याहाळलं आणि आपलेही गाल फुगवले. उजवा भरला. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून हवा फुस्स करून निघून गेली.

"थोमाई, गाडी बोलाव. लगेच. मी इस्पितळात तयार राहते."

थोमाई पडद्याबाहेर धावली. फोन टेबलावर टेकवलेला तसाच राहिला. म्हातारी हलली नाही. या पोरीने आता पुढे काय करायचं ते सांगावं, अशा अपेक्षेने ती एव्हांथियाकडे बघत राहिली.

इस्पितळाच्या दिशेने भराभर चालता चालता एव्हांथियाने फोन चेहऱ्यासमोर धरला आणि पुन्हा गाल फुगवले.