परदेशी गेलेली देवघरातली घंटा

मी एका शिंप्याच्या देवघरातली घंटा बोलतेय. सध्या मुक्काम परदेशात, वसतिगृहाच्या एका खोलीत, पुस्तकांच्या फळीवर.

माझा जन्म ओताऱ्याच्या भट्टीतला. पितळ वितळवून साच्यात ओतलं, निवल्यावर कानशीने घासलं, आत लोलक अडकवला. ओताऱ्याने मला हलवून पाहिलं नि म्हणाला, "गळा गोड आहे. ही काही फार दिवस दुकानात राहायची नाही." तसंच झालं. शिंप्याची बायको मला घरी घेऊन आली.

शिंपी रोज अंघोळ करून मला वाजवायचा आणि मगच शिलाई मशीनला पाय लावायचा. त्याची लेक लहानपणी मला वाजवायची कसली, बडवायचीच. "अगं ठमे, हळू! देव बहिरा नाही," म्हणून तो हसायचा.

पुढे त्याचे डोळे अधू होत गेले. औषधपाणी झालं, पण शेवटी दिसायचं थांबलंच. शिलाई मशीन कापडाने झाकून ठेवलं. तरी रोज चाचपडत देवघराशी यायचा आणि मला बरोबर उचलायचा.

ठमी शिकायला परदेशी निघाली, तेव्हा त्याने मला तिच्या कपड्यांच्या घडीत ठेवलं.

"अहो, मग घरात काय वाजवाल?" बायको म्हणाली.

"टाळ्या वाजवीन. ठमे, तुझी खोली काही मला दिसायची नाही. सणाला फोनवरून ही वाजव. ऐकली की समजेन, पोरगी तिकडेही घरातच आहे."

सण आला. इथे कुणाला त्याचा पत्ता नव्हता. जो तो आपापल्या कामावर. ठमीने टेबलावरचे कागद बाजूला सारले, देवाची तसबीर मांडली, खिडकीत वाढवलेल्या रोपाची दोन फुलं वाहिली आणि फोन लावला. तिकडे आई पडद्याकडे बघत होती, बाबा फोनच्या दिशेने कान देऊन.

ठमीने मला वाजवलं. अगदी जीव ओतून वाजले हो मी! सारी खोली भरून गेली.

"वाजव ना गं," बाबा म्हणाले.

"वाजवतेय की बाबा!"

आईला मी पडद्यावर हलताना दिसत होते. ऐकू तिलाही येत नव्हतं. पण सणाच्या दिवशी कुणाचा विरस नको, म्हणून ती म्हणाली, "वाजतेय हो! काय गोड वाजतेय!"

बाबा हळूच म्हणाले, "माणसांचं बोलणं ऐकू येतं, घंटा येत नाही. कान असेच जातात म्हणे. आधी बारीक आवाज जातो. डोळे गेले, आता हेही."

फोन ठेवल्यावर शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीने ठमीला उलगडून सांगितलं, "अगं, फोन बोलणं तेवढं पुढे पाठवतो. बाकीचा आवाज गोंगाट समजून गाळून टाकतो."

ठमीने लगेच परत फोन लावून बाबांना हे सांगितलं.

"घंटा म्हणजे गोंगाट?" बाबा खिन्न हसले. "माझी समजूत घालू नकोस, पोरी."

"अहो, खरंच. मलाही नव्हती ऐकू आली," आई रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मघाशी तर गोड वाजतेय म्हणालीस! आता मायलेकी एक झालात."

मैत्रिणीने फोनमधली ती गाळणी बंद करून दिली. ठमीने पुन्हा पुन्हा फोन केला. पण बाबा आता फोनजवळ येत नाहीत. "तुम्ही बोला, मला कुठे नीट ऐकू येतंय," म्हणून भिंतीकडे तोंड करून बसतात. आई सांगते, दारात कुणी हाक मारली तरी मान वळवत नाहीत. चांगले धडधाकट कान, पण त्यांनी स्वतःच मिटून घेतलेत.

शिक्षण अजून बरंच बाकी आहे. ठमीला इतक्यात घरी जाता येणार नाही. परवा ती मला उराशी धरून रडली. लोलक वाजू नये म्हणून बोटाने दाबून धरला होता. मग मला रुमालात गुंडाळून तिने फळीवर ठेवलं.

गोड गळ्याचा मला फार अभिमान होता. आता त्याची भीती वाटते. ज्याला आनंद द्यायचा, त्याचा स्वतःच्या कानांवरचा विश्वासच माझ्यामुळे गेला.

तुमच्यापैकी कुणी तिकडे निघालं असेल, तर मला न्या हो. कपड्यांत कोंबा, कशीही न्या. घरात शिरलात की कुणाला काही सांगत बसू नका, सरळ शिंप्याच्या कानाशी मला वाजवा. त्याने ऐकणंच सोडून देण्याआधी पोचवा मला. उशीर झाला, तर माझं पितळ मोडीत घाला. माझी तक्रार नाही.