भिंतीवरचा तीनशेचाळीस

चाचणीतलं पॅराशूट उंचावर उघडताच फाटलं आणि यान जमिनीवर आपटलं. पहिल्या अहवालात एकच कारण होतं: शिवण कच्ची. शिवणकक्षाच्या प्रमुख ताईंना कामावरून काढायचं, हे दुपारच्या बैठकीआधीच जवळपास ठरलं होतं.

ताईंची भावजय गणित विभागात होती. सकाळी ताई तिच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, आकडे पुन्हा बघ. पण माझी बाजू घेऊ नकोस. नात्यामुळे वाचले असं कुणी म्हणायला नको."

"भाजी खारट झाली की तुम्ही माझी बाजू घेता का? मग मी कशाला घेऊ?"

ताई हसल्या नाहीत.

पॅराशूट मॅक दोनपर्यंत, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगापर्यंत टिकेल असं बनवलं होतं. यानाच्या संगणकाला वेग सेकंदाला किती मीटर असा द्यावा लागे. म्हणून भावजयीने भिंतीवरच्या तक्त्यावरून रूपांतर केलं होतं: ध्वनी सेकंदाला ३४० मीटर, दुप्पट ६८०. वेग ६८०वर उतरला आणि पॅराशूट ठरल्याप्रमाणे उघडलं. तरी दोऱ्यांवर अपेक्षेपेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त ताण नोंदला गेला होता.

या आकड्यापाशी ती अडली. मग तिने त्या उंचीवरचं तापमान काढलं. उणे पंचावन्न. थंड हवेत ध्वनी मंदावतो. तिथे तो जेमतेम २९५ होता. म्हणजे पॅराशूट मॅक दोनला नव्हे, २.३ला उघडलं होतं.

तक्ता चाचणीप्रमुख साहेबांनीच लावला होता, जमिनीलगतच्या चाचण्यांसाठी. चाचण्या वर गेल्या, तक्ता होता तिथेच राहिला.

बैठकीत तिने हे आकडे मांडल्यावर साहेबांनी विचारलं, "रूपांतर कुणी केलं?"

"मी. तक्त्यावरून."

साहेबांनी अहवाल पुढे ओढला. "तक्ता माझा, चूक आपल्या दोघांची, आणि निघालो होतो ताईंना घरी पाठवायला." त्यांनी त्यातलं शिवणीचं वाक्य खोडलं.

"शिवण दुहेरी घालू का?" ताईंनी विचारलं.

"नको, वजन वाढेल. २९५ची दुप्पट, ५९०ला उघडू," भावजय म्हणाली.

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "हे घरी बोलू नकोस."

"का?"

"माझा भाऊ महिनाभर मिरवेल. जणू गुणाकार त्यानेच केला."

आणि त्या नवं कापड बेतायला निघून गेल्या.