अठ्ठेचाळीस व्होल्ट

संघप्रियाला एसटीत उचलून चढवावं लागे. लहानपणीच्या पोलिओनं डावा पाय आणि डावा हात कायमचा लुळा केलेला, आणि एसटीची पहिली पायरी तर धडधाकट माणसालाही ढोपर वर करायला लावणारी. मग कुणीतरी तिच्या काखेत हात घालायचं. कधी कंडक्टर, कधी मागचा प्रवासी, आणि सगळेच हात काही सज्जनांचे नसतात. कागलच्या शाळेत ती रोज अशी पोचायची आणि वर्गात मुलांना ताठ बसायला सांगायची.

"दादा, कुणाचा हात न लागता मला एकदा शाळंत जायचं हाय," असं ती एका संध्याकाळी भावाला म्हणाली. रडून नव्हे, भाकरी मोडता मोडता. धम्मपालनं हातातला घास ताटात परत ठेवला.

धम्मपालचं कोल्हापुरात, उद्यमनगरात, मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटरींची तार बदलून द्यायची, हा धंदा. त्याच्या मनानं घेतलं की बहिणीला विजेची गाडी करून द्यायची. विजेच्या मोटरला जागेवरून उठतानाच जोर असतो. गिअर सकाळी एकदा घालून ठेवला की क्लचला पाय लावायला नको, गिअरला डावा हात नको. उजवा पाय आणि उजवा हात, बास. त्यानं जुनी मारुती घेतली, तिचं इंजिन उतरवलं आणि भंगारातली, माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टची मोटर गिअरबॉक्सला जोडली. गल्लीनं त्याला वेड्यात काढलं. आई तेवढी म्हणाली, "करतोय तर करू द्या की. दारू तर पीत न्हाय."

घोडं अडलं कंट्रोलरपाशी. बॅटऱ्यांची वीज मोटरला किती सोडायची, ते सांभाळणारा हा डबा. तो अमुक व्होल्टचा घेतला की गाडी तेवढ्याच व्होल्टची झाली, मागाहून बदल नाही. बॅटऱ्या होत्या आठ. जोड्या करून लावल्या तर अठ्ठेचाळीस व्होल्ट, सगळ्या एका माळेत ओवल्या तर शहाण्णव. शहाण्णवचा कंट्रोलर बेंगलोरचा एक व्यापारी बाहेरून मागवून देणार होता. पैसे आधी आणि जळाला तर तुमचं नशीब. अठ्ठेचाळीसचा शेजारच्या बाळासोकडं तयार पडलेला. बाळासो फोर्कलिफ्ट दुरुस्त करायचा.

"माझा घे," बाळासो म्हणाला. "जळाला तर हितंच उघडू, हितंच बसवू. त्ये परदेशी डबडं घिऊन काय बेंगलोरला पळणार हाईस व्हय? आन शहाण्णवचा झटका बसला म्हंजे? पोरगी बसायची हाय त्यात."

शहाण्णवला मोटर दुप्पट पळेल, एकाच गिअरात चढ आणि हायवे दोन्ही निघतील, हे धम्मपालला कळत होतं. पण झटका हा शब्द कानात जाऊन बसला तो हलेना. उन्हाळाभर तो आज हे, उद्या ते करत राहिला. शेवटी बहिणीलाच विचारलं. तिला व्होल्ट कुठले कळायला! तिनं एवढंच विचारलं, "माझ्या एका बाजूवर चालंल न्हवं?"

"चालंल की," तो म्हणाला, आणि बाळासोचा डबा घेऊन आला.

गाडी खरंच चालली. धम्मपाल तिला एकटाच कागलपर्यंत नेऊन आला, वाटेतला पुलाचा चढसुद्धा चढवून आला, आणि परत येऊन बाळासोला मिठी मारली. तेवढ्या वाटेत त्याच्या डाव्या पायानं कितीदा क्लच दाबला, डाव्या हातानं कितीदा गिअर बदलला, याची त्याला शुद्धच नव्हती. ज्याला दोन्ही बाजू आहेत त्या माणसाला स्वतःच्या डाव्या अंगाची आठवण तरी कधी होते? बहिणीसाठी वर्षभर खपला आणि गाडी तपासली स्वतःच्या अंगानं. अशा प्रेमाचं करायचं काय, सांगा.

शाळा उघडायच्या दिवशी आईनं बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली. संघप्रियानं ठेवणीतली साडी नेसली होती. आठवडाभर मैदानात गाडी फिरवून तिचा हात बसलेला होताच. धम्मपालनं दुसरा गिअर घालून दिला आणि तो शेजारी बसला. गल्लीतून गाडी आवाज न करता निघाली तेव्हा ती लहान पोरीसारखी हसली.

हायवेला लागल्यावर ते हसू मावळलं. पॅडल पूर्ण दाबलेलं आणि गाडी सायकलच्या वेगानं. मागं ट्रक बोंबलायला लागले. "दादा, आणि पळंना?" धम्मपालनं थांबवून तिसरा घालून दिला. जरा पळाली. मग पुलाचा चढ आला. मोटर घुरघुरली, डब्यानं वीज तोडली आणि गाडी चढाच्या मधोमध उभी राहिली. हॉर्नवर हॉर्न. ट्रकमधून चौघे उतरले. धम्मपाल खाली उतरेपर्यंत एकानं तिच्या बाजूचं दार उघडलं. "ताई, तुम्ही पलीकडं सरका," म्हणत त्यानं तिच्या काखेत हात घातला आणि तिला उचलून डावीकडच्या सीटवर ठेवलं.

धम्मपाल स्टिअरिंगवर बसला. पहिला, दुसरा, तिसरा. गाडी चढ चढून गेली, मस्त चालली, शाळेच्या फाटकापर्यंत कुठं अडली नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शहाण्णवचा आणतो," तो म्हणाला.

"कशानं? दुकान इकून?" ती म्हणाली. हातातलं सगळं त्या गाडीत गेलं होतं.

"मग मी सोडत जातो रोज."

"आणि दुकान कोण उघडंल? ऱ्हाऊ दे, दादा. गाडी चांगली झालीय तुझी."

तुझी, म्हणाली ती.

दुसऱ्या दिवशी तो एसटीच्या थांब्यावर तिच्यासोबत गेला. एसटी आली. निदान एवढं तरी आपण करावं म्हणून तो वाकला आणि त्यानं तिच्या काखेकडं हात नेले. ती मागं सरली.

"तू नको."

"अगं, मी भाऊ हाय तुझा."

"म्हणूनच नको. परक्यानं उचललं तर उतरल्यावर इसरता येतंय मला. तुझं हात घरात रोज दिसतील."

मग तिनं कंडक्टरकडं बघून मान हलवली. तो खाली उतरला आणि त्यानं तिला उचलून आत घेतलं.