दुसरा ठिपका

धाकट्या बहिणीला महाकाय कृष्णविवरांची जोडी सापडली, त्या दिवशी माझी अन्नावरची वासनाच उडाली. खोटं कशाला बोलू? बारा वर्षं मी सक्रिय दीर्घिका धुंडाळतेय. त्यांच्या पोटात एक कृष्णविवर असतंच, त्यात पडणारा वायू झगमगतो. पण एकाच दीर्घिकेत दोन सापडणं म्हणजे नशीबच. माझ्या वाट्याला एकही जोडी आली नाही. धाकटी माझ्याच वेधशाळेत नोकरीला लागली आणि दुसऱ्याच वर्षी फोटोत शेजारीशेजारी दोन ठिपके घेऊन आली! वर आईचा फोन, “बघ, धाकटीनं नाव काढलं.”

आमच्याकडे नियम आहे. शोध जाहीर करण्याआधी दुसऱ्या कोणीतरी कच्च्या नोंदींपासून सगळं पुन्हा करून बघायचं. सरांनी ते काम मला दिलं. “घरचीच आहे, बघते की,” असं मी तोंडानं म्हटलं. मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

तीन आठवडे मी त्या दुसऱ्या ठिपक्याच्या हात धुऊन मागे लागले. वाटेत आडवा आलेला, आपल्याच आकाशगंगेतला तारा असेल? प्रकाश रंगांत फोडून पाहिला, तर दोन्ही ठिपके सारखेच दूर निघाले. मग मधल्या एखाद्या दीर्घिकेनं प्रकाश वाकवून एकाचेच दोन दाखवले असतील? तेही नाही. दोघांच्या प्रकाशातल्या रेषा जुळेनात, एकाच्या रुंद, दुसऱ्याच्या बारीक. कॅमेऱ्याचे जुने दोषसुद्धा उकरून काढले. नवरा म्हणाला, “स्वतःच्या प्रबंधासाठी एवढी खपली नव्हतीस.” मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

शेवटी सही करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. कागद तिच्या टेबलावर जवळजवळ आपटलाच.

“खरी आहे जोडी. अभिनंदन.”

ती चक्क रडायला लागली. “सुटले बाई! आता कोणी बोट ठेवू शकणार नाही.”

“दुसऱ्या कोणी तपासलं असतं तरी हेच निघालं असतं.”

“सर दुसऱ्याच कोणाला देणार होते. मीच तुझं नाव सुचवलं.” तिनं ओढणीनं नाक पुसलं. “ताई, ही जोडी खोटी ठरावी असं तुझ्याइतकं मनापासून आणखी कोणाला वाटलं असतं?”

तिनं शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली, आणि मी बसले.