पावणेपाचनंतरची तारीख

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. एका शाळेच्या कचेरीत, टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात पडून असतो. माझ्यावर जी तारीख लावलेली आहे ती आठ वर्षांपूर्वीची आहे. ती चुकून राहिलेली नाही, मुद्दाम लावलेली आहे. कोणी लावली आणि का, एवढेच मला सांगायचे आहे. बाकी शिक्क्याच्या आयुष्यात सांगण्यासारखे फारसे काही नसते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लाकडी मूठ, लोखंडी चौकट आणि तिच्यात तीन रबरी पट्ट्या: एक दिवसाची, एक महिन्याची, एक वर्षाची. वर 'मिळाले' हा शब्द कायमचा बसवलेला. वर्षाच्या पट्टीवर बारा वर्षे होती, म्हणजे मी कधी निवृत्त होणार हे जन्मतःच ठरले होते. त्याचे मला वाईट वाटले नाही. रबराला सहसा काही वाटत नाही. वाटत असते तर दिवसातून शंभर वेळा तोंडावर आपटून घेणे मला जमले नसते.

मी शाळेत आलो तो कचेरीतल्या बाईंच्या हाती. मुले त्यांना घड्याळबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. मधल्या सुट्टीत कोणी खिडकीत डोकावले की त्या तोंडातला घास न गिळताच भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवत. आलेल्या प्रत्येक कागदावर मला उमटवायचे आणि तीच तारीख आवक वहीत उतरवायची, हे त्यांचे काम.

बाईंचे दोन नेम होते. पहिला असा, की रोज पावणेपाच वाजता त्या अंगठ्याने माझी दिवसाची पट्टी एक घर पुढे सरकवत आणि मला उद्याची तारीख लावून ठेवत. कचेरी पाचला बंद होई. उरलेल्या पंधरा मिनिटांत त्या खिडक्या लावत, कपाटाला कुलूप घालत. त्या वेळात एखादा कागद आलाच, तर तो उद्याचा धरला जाई. चार वर्षे असे चालले होते आणि कोणाचे काही अडले नव्हते. दुसरा नेम, पट्टी कधी मागे फिरवायची नाही. जो आज तारीख मागे नेतो तो उद्या कशालाही हात घालेल, असे त्या म्हणत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी आवक वहीवर 'एकही खाडाखोड नाही' असा शेरा मारला. माझी वाहवा झाली ती तेवढीच. त्या दिवशी मी जरा फुशारलो होतो, हे कबूल करतो.

मित्रांनो, शाळेत शिष्यवृत्त्यांची पत्रके फार येतात. मी त्यांच्यावर उमटतो, मग ती सूचनाफलकावर जायला निघतात. पण फलकावर धावण्याच्या शर्यतीचे जुने निकाल असतात आणि टाचण्या संपलेल्या असतात. म्हणून पत्रके खणात जातात. तो हाच खण, ज्यात मी आता आहे. चार वर्षांत तो उघडायला सांगणारी एकच मुलगी आली. ती शेवटच्या वर्गात होती आणि शिंप्याची मुलगी होती. शाळेचे गणवेश तिचे वडीलच शिवत.

बाईंनी आधी घड्याळाकडे बोट दाखवले. दुसऱ्या दिवशी ती बरोबर वेळेवर आली, तेव्हा बाईंचा नाइलाज झाला. आठवडाभर ती खिडकीशी उभी राहून पत्रके वाचत होती. वडील ज्यावर कापणीचे नमुने आखतात त्या खाकी कागदाच्या तुकड्यावर तिने अकरा शिष्यवृत्त्यांची यादी केली आणि शिंप्याच्या खडूने एकेक खोडू लागली. एक खलाशांच्या मुलांसाठी होती. एक जुळ्यांसाठी होती. एक उंच मुलींसाठी होती. बाईंनी तिला दाराच्या चौकटीशी उभी करून स्वतः मोजले, तर ती दोन बोटे कमी भरली. "टाचा उचल," असे बाई म्हणाल्या खऱ्या, पण लगेच त्यांनाच ते बरे वाटले नाही.

शेवटी एकच उरली, पण ती पुरी होती. एका दूरच्या महाविद्यालयात तीन वर्षे शिक्षण, राहणे, जेवण, पुस्तके, सगळे त्यात येत होते. तिथे जमिनीची मोजणी आणि नकाशे करायला शिकवत. अर्ज पंधरा तारखेपर्यंत शाळेत मिळाल्याचा शिक्का हवा, एवढी एक अट ठळक छापली होती. 'तुम्हाला हेच का शिकायचे आहे' या प्रश्नाखाली अर्धे पान मोकळे होते. तिने दोनच ओळी लिहिल्या. 'माझे वडील माणसांचे माप घेतात. मला जमिनीचे घ्यायचे आहे.' बाईंनी त्या वाचल्या आणि चष्मा पुसला.

अर्ज तयार होता, पण गणिताच्या सरांचे शिफारसपत्र येत नव्हते. सर माणूस चांगला, पण आज देतो, उद्या देतो यात त्यांनी दोन आठवडे काढले. पत्र मिळाले ते पंधरा तारखेला, शेवटचा तास सुटल्यावर. ती धावत कचेरीत आली. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. ती माझ्याकडे नाही, घड्याळाकडे पाहत होती. बाईही खूश होत्या. "आलीस बाई एकदाची," म्हणत त्यांनी मला उचलले आणि सवयीने दाबले. ती समाधानाने घरी गेली. कागदावर माझी सोळा तारीख वाळत होती.

चूक सापडली ती तीन दिवसांनी, टपालाचा गठ्ठा बांधताना. बाईंनी कागदावरची तारीख दोनदा वाचली. मग त्यांनी आवक वही उघडली. तिथेही त्यांच्याच अक्षरात सोळा. मुख्याध्यापकांनी सगळे ऐकून घेतले आणि आवाज खाली आणला. म्हणाले, "कोरा फॉर्म द्या तिला, पुन्हा भरू दे. आणि शिक्का मागे, पंधरावर घ्या. खरी तारीख तीच आहे ना?"

खरी तारीख तीच होती. पण बाईंना ते जमेना. वहीत खाडाखोड करावी लागणार, आणि पट्टी मागे फिरवावी लागणार. त्यांनी मुलीला बोलावून सगळे सांगितले. पावणेपाचच्या नेमाबद्दलही सांगितले, काही लपवले नाही. आपण सविस्तर पत्र जोडणार आहोत, चूक आपली आहे असे सहीनिशी लिहिणार आहोत, म्हणजे काही अडचण येणार नाही, असे म्हणाल्या.

मुलीने विचारले, "आणि शिक्का मागे फिरवला तर?"

"मी आजवर कधी फिरवला नाही गं."

तिने माझ्याकडे पाहिले. मग "बरं," म्हणाली.

पत्र चांगले दीड पानाचे झाले. बाईंनी त्यात स्वतःला जराही सोडले नव्हते. महिन्याभराने अर्ज परत आला. त्यावर 'मुदतीनंतर मिळाला' असा एक शिक्का होता. माझ्याच जातीचा कोणीतरी, दुसऱ्या टेबलावरचा. बाईंचे पत्र मागे टाचलेले तसेच होते, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. बाईंनी दोनदा फोन केला. यादी लागली आहे, एवढेच उत्तर मिळाले.

मुलगी वडिलांना घेऊन आली. वडिलांच्या गळ्यात मापाची फीत तशीच होती, काम टाकून आले असावेत. ते भांडतील अशी तयारी करून बाई बसल्या होत्या. ते भांडले नाहीत. अर्ज हातात घेऊन त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, कापडाचा पोत बघतात तसा.

"माझ्या हातूनही कधी कापड चुकीचं कापलं जातं, बाई," ते म्हणाले. "मग मी कापड भरून देतो. तुम्ही काय भरून देणार?"

त्यात टोमणा नव्हता. ते खरोखरच विचारत होते. मुलीच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हते. परत आलेला अर्ज तिने टेबलावर ठेवला, "ठेवून घ्या, मला नको," म्हणाली, आणि वडिलांच्या खांद्याला लागलेला दोरा काढत त्यांच्याबरोबर गेली. मला त्या दिवशी काय वाटले असे विचाराल, तर काहीच वाटले नाही. नेहमीचे काही न वाटणे वेगळे आणि हे वेगळे, एवढे मात्र मला कळले.

दुसऱ्या दिवसापासून पावणेपाचचा नेम मोडला. बाई सकाळी आल्यावर, कुलूप काढून, खिडक्या उघडून मग मला पुढे सरकवू लागल्या. पत्रकेही फलकावर लागू लागली. टाचण्या त्या घरून आणत. पुढच्या वर्षांत पाचसहा मुलांना त्यातून काही ना काही मिळाले. त्यांतला एकजण पेढे घेऊन आला, तेव्हा बाईंनी एक उचलला आणि कागदात गुंडाळून ठेवला. संध्याकाळी तो तसाच होता.

शिंप्याच्या मुलीने घराजवळच्या महाविद्यालयात जे मिळाले ते शिकून घेतले. आता ती एका दवाखान्यात रुग्णांची नावे लिहून घेते. गणवेशांचा गठ्ठा द्यायला तिचे वडील येत, तेव्हा बाई विचारत आणि ते सांगत, "बरं चाललंय तिचं." दरवर्षी हेच शब्द.

एकदा ती स्वतः आली. नोकरीसाठी तिला जुन्या दाखल्याची प्रत हवी होती. बाईंनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. तिने अर्ज दिला, बाईंनी मला उमटवले आणि पोच तिच्या हातात दिली. ती उठली नाही. तिने पोच आपल्याकडे फिरवली, शाई ओली असतानाच तारखेखाली बोट धरले आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहिले.

"बरोबर आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. रोजची सवय होती, दात घासावेत तशी. चहा पिऊन ती गेली. बाईंनी मला शाईच्या गादीवर ठेवण्याऐवजी बराच वेळ हातातच धरले होते.

मग माझे बारावे वर्ष संपले. शेवटच्या दिवशी पाच वाजले, शिपाई गेला, टेबलावर नवा शिक्का खोक्यात आलेला होता. बाईंनी हा खालचा खण उघडला आणि तळातून तो अर्ज काढला. तो त्यांनी ठेवून घेतला होता हे मलाही ठाऊक नव्हते. मग त्यांनी मला उचलले आणि वर्षाची पट्टी मागे फिरवली. आठ घरे. रबर कडक झाले होते, अंगठ्याचे नख लावावे लागले. मग महिना. मग दिवस, पंधरावर. मला शाईवर टेकवून त्यांनी त्या सोळाच्या शेजारी मला दाबले. नेहमीसारखे आपटले नाही, हलकेच दाबले. ठसा स्वच्छ उठला. सोळावरून पंधरावर यायला इतकेच लागते.

अर्ज खणात ठेवून त्यांनी मला त्यावर ठेवले आणि खण लावला. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी पाहिले का, ते मला दिसले नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी अर्ज घेऊन अशा एखाद्या टेबलापाशी उभे राहाल. घड्याळाकडे पाहू नका, शिक्क्याकडे पाहा. कागदावर काय उमटले ते वाचल्याशिवाय जागचे हलू नका. चुकले असेल तर शाई ओली आहे तोवर सांगा. टेबलापलीकडच्या बाई चिडतील, त्यांना चिडू द्या. आणि पुढे कधी तुमच्या हाती शिक्का आला, तर माझ्या बाईंची आठवण ठेवा. त्या वाईट नव्हत्या.

मी आता बरोबर तारखेवर आहे. अर्जही इथेच आहे, माझ्याखाली.